बाहेरची लेन

१२ जानेवारी

ही वही डॉक्टरीणबाईंनी घ्यायला लावली. रक्तदाब चढलाय, गोळ्यांना दाद देत नाही, तेव्हा दिवसभरात कशाकशाचा राग येतो ते लिहून काढत जा, मिस्टर पावलाक, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मग वही जाड घ्यावी लागेल. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

तर पहिली गोष्ट. माझा पिकअप मेला. इंजिन ठणठणीत आहे, ते आमच्याच कारखान्यात, माझ्याच खात्यात झालेलं, त्याला काय होतंय. पण बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर जे मीठ फेकतात त्याने खालची चौकट खाऊन टाकली. गॅरेजवाल्याने स्क्रूड्रायव्हर टोचला तर पावात शिरावा तसा आत शिरला. मग त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, मयताच्या घरी हलवतात तशी. त्या मान हलवण्याची मला शिसारी आली.

दुसरी गोष्ट. रात्री जेवायला वाढता वाढता रोझलीने सांगितलं की या वेळी गाडी ती निवडणार. चाळीस वर्षांच्या संसारात गाडी हा विषय तिने कधी काढला नव्हता. मी पिकअप आणायचो, ती शेजारच्या सीटवर बसायची, झालं. आता तिला प्लग लावून चार्ज करायची हायब्रिड एसयूव्ही हवी आहे, तीसुद्धा परक्या कंपनीची. बे सिटीच्या आमच्या या दक्षिण भागात दर दुसऱ्या घरातला माणूस एकाच कारखान्यातून निवृत्त झालाय. इथे दारात परक्या कंपनीची गाडी उभी करायची म्हणजे चर्चमध्ये नुसत्या बनियनवर जायचं.

मी जेवण अर्धं टाकून उठलो. तिने माझं ताट उचललं, धुतलं, आणि गाडीचं माहितीपत्रक उघडून बसली.

१५ जानेवारी

आमच्या कंपनीच्या दुकानात जाऊन आलो. पेट्रोलचा साधा पिकअप घ्यायचा असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण माझ्या जुन्या खात्यात आता विजेवरच्या पिकअपचे गिअर होतात, आणि तो कुणी घेत नाही म्हणून एक शिफ्ट बंद पडली. ज्या कारखान्याच्या जिवावर आपण जेवलो त्याचा माल आपण नाही घ्यायचा तर कुणी? असं मी मनाशी ठरवलं, आणि ठरवल्या क्षणापासून त्या पिकअपचा, म्हणजे आमच्या भाषेत ट्रकचा, मला वीट आला.

किल्ली नाही. आवाज नाही. पुढे इंजिनाच्या जागी नुसतं खोकं, त्यात म्हणे वाणसामान ठेवा. रँडल नावाचा सेल्समन ते झाकण सारखं उघडून दाखवत होता. मी जन्मभर जिथे हात काळे केले तिथे आता कांदे ठेवायचे.

"वजनाला मात्र दणकट आहे हं, साहेब," रँडल म्हणाला. "एकट्या बॅटरीचं वजन एखाद्या लहान गाडीएवढं भरतं."

मी म्हटलं, दणकट आहे ना, मग झालं. घरी येऊन रोझलीला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, तू तुझा बघ, मी माझी बघते, मग ठरवू. ठरवू! हा शब्द आमच्या घरात कुठून शिरला कोण जाणे.

१९ जानेवारी

हायब्रिड म्हणजे काय ते आज रोझलीने मला समजावून सांगितलं. मला, ज्याने हजारो इंजिनं हातावेगळी केली. रोजची जवळपासची कामं विजेवर होतात, बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन सुरू होतं. म्हणजे धड विजेची नाही आणि धड पेट्रोलचीही नाही. ज्याला मनाशी काही ठरवता येत नाही त्याने घ्यायची वस्तू. असल्या अधांतरी गोष्टींची मला पहिल्यापासून किळस आहे.

ती म्हणाली, "चार्जिंग शोधत थांबावं लागत नाही. टाकी भरली की लांबवर जाता येतं."

"लांब कुठे जायचंय तुला?"

ती बटाटे सोलत होती. हातातला बटाटा सोलून झाला होता तरी तिने त्याच्यावरून सुरी पुन्हा फिरवली. "कुठे नाही. पण जाता यायला हवं."

मी तिला शांतपणे समजावलं की तिची धाव चर्च, बाजार आणि केस कापायचं दुकान याच्यापुढे नाही, आणि तेवढ्याला माझा ट्रक पुरून उरेल. तिने पुढचा बटाटा उचलला. पटलं असावं.

दुपारी नेहमीप्रमाणे तिच्या बहिणीचा, अर्लीनचा फोन आला. अर्लीनचा नवरा मागच्या शरदात वारला. उत्तरेला, मॅकिनॉ पुलापलीकडे, एस्कनाबाला तळ्याकाठच्या मोठ्या घरात ती एकटी असते आणि रोज तासभर माझ्या बायकोचं डोकं खाते. आज रोझली तिला विचारत होती की तिकडे बर्फाचे टायर कोणत्या महिन्यापर्यंत ठेवावे लागतात. बायकांना बोलायला काहीही चालतं.

३१ जानेवारी

दिवसभर खाडीवर होतो. यंदा बर्फ चांगला धरलाय. झिग मातुशाक माझ्या शेजारच्या मशीनवर जन्म काढलेला माणूस. बर्फावर त्याची लाकडी खोपटी असते. आत शेगडी, बसायला उपड्या बादल्या आणि मधोमध पाडलेलं भोक. सकाळपासून गळ टाकून बसलो तरी मासे मिळाले ते बोटाएवढे. एक तर माझ्याकडे असा बघत होता की मी त्याला परत सोडला.

झिग म्हणाला, "काय रे, तुझी बायको सकाळी परक्या गाडीत दिसली. हायवेला लागली होती, उत्तरेकडे."

मी म्हटलं, दुकानाने दोन दिवस चालवून बघायला दिलीय.

"उत्तरेला काय आहे पण?"

"कॅसिनो आहे. दुसरं काय असणार?"

झिग इतका हसला की त्याची बादली कलंडली. मला हसू आलं नाही. या वयात जुगार, तोही परक्या गाडीत बसून.

दिवस मावळता मावळता ती आली. किती हरलीस, मी विचारलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, काही हरले नाही. गाल लाल झाले होते, आणि कोबी चिरताना ती चक्क गुणगुणत होती. जिंकली असणार, म्हणजे आता चटक लागणार. खिडकीतलं शिवणयंत्र जागेवर दिसलं नाही. दुरुस्तीला दिलंय म्हणे. परवा तर त्याच्यावर पडदे शिवत होती.

३ फेब्रुवारी

बातम्यांत मॅकिनॉ पूल दाखवला. वारा इतका की मोठे ट्रक थांबवून धरले होते. मला जुनी आठवण येऊन हसू फुटलं. दर उन्हाळ्यात अर्लीनकडे जाताना तो पूल लागायचा. आतल्या लेनला रस्ता नाही, लोखंडाची जाळी आहे. टायर त्यावर गुंगुं आवाज करतात आणि खाली पाहिलं तर पाणीच पाणी दिसतं. रोझली समोरच्या डॅशबोर्डची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायची, डोळे मिटायची आणि पूल संपेपर्यंत जपमाळ पुटपुटायची. मी मुद्दाम गाडी हळू करायचो. एकदा तर अर्ध्या पुलावर म्हणालो, टायर पंक्चर झालाय वाटतं. काय किंचाळली होती!

हे सगळं मी तिला पुन्हा सांगितलं. ती विणत होती. वर न बघता म्हणाली, "बाहेरच्या लेनला जाळी नाही. तिथून गेलं की आवाजच येत नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"तसं आहे ते."

खरं आहे म्हणा. पण मी बाहेरच्या लेनमधून कधी गेलो नाही. ती घाबरटांची लेन. अर्लीननेच सांगितलं असणार, तिच्या नवऱ्याला मेल्याला कशाचीही भीती वाटायची.

८ फेब्रुवारी

आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण रक्तदाबाचं यंत्र जो आकडा दाखवतंय तो पाहून लिहिलेलं बरं.

रँडलने शनिवार-रविवार ट्रक दिला होता. चर्चमधून निघालो तेव्हा मी रोझलीला म्हटलं, तुझं तू बघितलंस, आता माझा ट्रक काय चीज आहे ते बघ, खाडीवर झिगच्या खोपटीपर्यंत जाऊन येऊ. थंडीत ती बॅटरी भराभर उतरत होती, पण पडद्यावरचा तो आकडा मी तिला दाखवला नाही.

बर्फाचा हिशेब बापाने शिकवलेला आहे. भोक पाडायचं, हात घालायचा. मनगटापासून कोपरापर्यंत बर्फ लागला की पिकअप न्यायचा. बापाने नेला, मी नेला, इथल्या सगळ्यांनी नेला. आजही बर्फ बरोबर तेवढा होता.

काठावर रोझली म्हणाली, "क्लेम, ही गाडी जड आहे. नुसती बॅटरीच एका गाडीएवढी आहे, तूच सांगितलंस."

मी म्हटलं, बर्फ मला शिकवू नकोस.

"मग मला उतरू दे. मी मागून चालत येते."

खोपट्यांपाशी सगळी मंडळी उभी होती, आमच्याकडेच बघत होती. मी म्हटलं, चारचौघांत तमाशा करू नकोस, आणि ट्रक पुढे घेतला.

इंजिनाचा आवाज असता तर तो दुसरा आवाज ऐकू आला नसता. त्या ट्रकमध्ये सगळं ऐकू येतं. आधी लांबून दोरी ताणल्यासारखं काहीतरी झालं, मग पायाखालीच कडाड, आणि पुढची चाकं खाली गेली. पुढच्या त्या रिकाम्या खोक्यात पाणी भरताना ऐकू येत होतं. काचा खाली गेल्या हे नशीब. ती तिच्या खिडकीतून आधी बाहेर पडली, बर्फावर पोटावर पडून सरकत गेली. झिग दोर फेकत ओरडत होता, उठू नकोस, सरकत ये. मी मागून गेलो. आम्ही दोरापाशी पोचेपर्यंत ट्रक आरशांपर्यंत बुडाला होता आणि त्याचे दिवे पाण्याखाली तसेच चालू होते. हिरवट उजेड, आणि त्यात तिचा एक चर्चचा बूट तरंगत होता.

मदतीला चौघे आले, बाकीचे फोन काढून चित्रण करत उभे. त्या फोनवाल्यांची मला इतकी घृणा आली की थंडी वाजायची विसरलो.

झिगने स्वतःचे मोजे काढून तिला घातले आणि आम्हाला घरी सोडलं. वाटभर ती त्या मोज्यांकडे बघत होती. गरम पाण्यात पाय घालून बसली तेव्हा मी म्हटलं, रँडलने वजनाचं नीट बजावून सांगायला हवं होतं. तिने वर पाहिलं. असं तिने माझ्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं. धक्का बसला असेल. उद्यापर्यंत निवळेल.

१७ फेब्रुवारी

उद्यापासून उपासाचे दिवस, म्हणून आज सगळं गाव बेकरीसमोर रांगेत. पोंचकी म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोळे, ते आज खाऊन घ्यायचे आणि उद्यापासून पश्चात्ताप करायचा. मी रांगेत उभा राहिलो आणि पश्चात्ताप एक दिवस आधीच सुरू झाला.

"क्लेम, ट्रकमध्ये पर्च मासे मिळतात का रे? सीटखाली बघितलंस का?"

"अहो, विजेवरची गाडी मासे शिजवून देते म्हणे, खरं का?"

बेकरीवाल्या बाईने सुद्धा खोकं देताना विचारलं, याला खाली बुडायला नको म्हणून हलकं बांधू का. सगळे हसले. ज्यांनी तोच हिशेब बापाकडून घेतला, जे परवापर्यंत कोपराने बर्फ मोजत होते, तेच हसले. ओढून काढलेला ट्रक आता दुकानामागे उभा आहे म्हणतात, शेवाळाचा वास मारत. रँडल माझा फोन घेत नाही.

घरी आलो तर रोझलीने पोंचकीला हात लावला नाही. मी एकट्याने अर्धं खोकं संपवलं.

५ मार्च

एसयूव्ही घेतली. म्हणजे तिने घेतली. शाळेच्या स्वयंपाकघरात ती इतकी वर्षं मुलांना वाढत होती, तिथलं तिचं साठलेलं होतं, आणि कागद तिच्या एकटीच्या नावावर झाले. मी मोठ्या मनाने माघार घेतली. खाडीच्या प्रकारानंतर तिच्या मनासारखं काहीतरी होऊ द्यावं, हा विचार. मी तसं तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, बरं.

आता ती गाडी दारात उभी आहे. शेजारच्यांनी पडदा सारून पाहिलं. मीही आतून पडदा सारून त्यांच्याकडे पाहिलं. अर्धवट, गुळगुळीत, परकी वस्तू. तिच्याजवळून जाताना मी तोंड दुसरीकडे करतो.

१४ मार्च

दूध आणायला गेलो, नाइलाजाने तिची गाडी घेतली. दारावर सीटची बटणं आहेत, एक आणि दोन. ज्याची त्याची बैठक गाडी लक्षात ठेवते. एक दाबलं की सीट पुढे सरकते, रोझलीची उंची तेवढीच. दोन दाबलं तर सीट हलेना. दोनमध्ये काही साठवलेलंच नव्हतं. मला सीट हाताने मागे घ्यावी लागली.

घरी येऊन म्हटलं, दोन नंबरला माझी बैठक लावून ठेव की.

ती म्हणाली, "लावीन."

शिवणयंत्र अजून आलेलं नाही. त्या दुरुस्तीवाल्याला फोन करून फैलावर घेतो म्हटलं तर म्हणाली, राहू दे. तिचा जाड लोखंडी तवाही दिसत नाही. आमच्या घरातून वस्तू नाहीशा होतायत आणि मला कुणी काही सांगत नाही, याचा मला संताप येतो.

२६ मार्च

ती गाडीला प्लग लावायला विसरते. सकाळी चर्चला निघायचं आणि बॅटरी रिकामी. म्हणून आता रोज जेवण झालं की मीच गॅरेजमध्ये जाऊन तारेचं वेटोळं सोडतो, प्लगच्या तोंडाला लागलेला बर्फ शर्टाला पुसतो आणि प्लग लावतो. छोटा हिरवा दिवा लागला की परत येतो. स्वतःचीच चीड येते. कारखान्यातल्या कुणी मला पाहिलं तर पुन्हा रांगेत उभं राहायची सोय उरणार नाही. तरी पण दिवा लागल्याखेरीज मला चैन पडत नाही.

चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला झिग शेजारी बसला होता. घास गिळून म्हणाला, "क्लेम, रोझली बरी आहे ना?" मी म्हटलं, ठणठणीत आहे, तिला काय धाड भरलीय. तो म्हणाला, त्या दिवशी मोजे चढवताना ती मला एकच वाक्य बोलली. काय, मी विचारलं. तो ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, जाऊ दे, तिलाच विचार.

विचारलं नाही. झिगला चावून बोलायची सवय आहे, मला त्याचा कंटाळा आहे.

४ एप्रिल

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवणाची टोपली चर्चमध्ये नेतात आणि फादर तिच्यावर पाणी शिंपडतात. हॅम, सॉसेज, अंडी, राईचा पाव, नाकात जाणारी मुळ्याची चटणी, आणि लोण्याचं कोकरू, डोळ्यांच्या जागी दोन मिरे. दर वर्षी एक टोपली असते. आज सकाळी टेबलावर दोन होत्या. दोन कोकरं.

मी म्हटलं, एवढं लोणी कोण खाणार?

"एक तुझ्यासाठी. एक अर्लीनकडे."

"लोणी काय पोस्टाने पाठवणार?"

"घेऊन जाणार."

मग तिने हात पुसले, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. स्वयंपाकघरात ती सकाळची कधी बसत नाही.

"क्लेम, मी सोमवारी निघते. परत येईन की नाही ते मला माहीत नाही. तू कधी हात उगारला नाहीस, कधी प्यायला नाहीस, ते मी कुणालाही सांगेन. पण त्या दिवशी मी म्हणाले होते, मला उतरू दे."

झिगला बोलली ते वाक्य हेच असणार. मला पुष्कळ बोलायचं होतं. बर्फाचं, बापाच्या हिशेबाचं, रँडलचं. बघणाऱ्या लोकांचं. तोंडातून निघालं ते एवढंच, "आणि पूल?"

"पूल मी जानेवारीत ओलांडला. अर्लीन पलीकडे येऊन थांबली होती. शिवणयंत्र तिच्या गाडीत ठेवलं आणि परत आले."

"एकटीने?"

"एकटीने. बाहेरच्या लेनमधून. डोळे उघडे ठेवून."

म्हणजे तो कॅसिनो नव्हता. मी तिला विचारलं होतं किती हरलीस, आणि वर झिगबरोबर त्याचा विनोद केला होता. मला माझीच इतकी शिसारी आली की नळाखाली तोंड धरलं. ती टोपल्यांवर भरतकामाचे रुमाल घालत होती. म्हणाली, चल, फादर वाट बघत असतील. आम्ही गेलो. गाडी तिने चालवली, मी शेजारच्या सीटवर बसलो, मांडीवर दोन टोपल्या. फादरनी पाणी शिंपडलं, ते माझ्या चष्म्यावर पडलं, ते मी पुसलं नाही.

६ एप्रिल

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिची गाडी काढली. टायरमधली हवा तपासायची होती, लांबच्या प्रवासाआधी तपासावी लागते, आणि तिला ते जमत नाही. जमतही असेल. मला आता तिच्याबद्दल काही ठाम सांगता येत नाही.

बसलो तेव्हा सीट तिच्या बैठकीवर होती. गुडघे स्टिअरिंगला लागले. दोन नंबर दाबून पाहिला. हलली नाही. हाताने मागे घेता आली असती, पण घेतली नाही. तसाच, गुडघे दोन्ही बाजूंना फाकवून, बेडकासारखा पेट्रोल पंपापर्यंत गेलो. पंपावरचा माणूस हसला. हसू दे. मागच्या उजव्या टायरमध्ये हवा कमी होती, ती भरली. टाकी भरली. काचेचं पाणी भरलं. पुढची काच आतून बाहेरून पुसली. आणखी काय करता येईल ते आठवत तिथेच उभा राहिलो, तेव्हा मागच्याने हॉर्न वाजवला.

तिने सामान थोडंच घेतलं. बाकीचं आधीच गेलेलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. लोण्याच्या कोकराची टोपली तिने शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. पट्टा सैल होता. मी दार उघडून तो ओढून घट्ट केला. त्या सीटवर ती चाळीस वर्षं बसली, आणि तिचा पट्टा मी एकदाही बघितला नव्हता.

"टायर बघितलेत," मी म्हटलं.

ती म्हणाली, "माहीत आहे. खिडकीतून पाहिलं." मग स्वतःचा पट्टा लावत, "सीट मागे का नाही घेतलीस रे? गुडघे दुखतील आता."

मी गाडीच्या टपावर हात थोपटला, कारखान्यातून नवं इंजिन बाहेर पडलं की थोपटायचो तसा. परकी गाडी. ती आवाज न करता गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळायच्या आधी दिवा लुकलुकला, आणि वळली. आमच्या गल्लीत वळताना दिवा कुणी दाखवत नाही.

दुपारी पुलाच्या कचेरीला फोन लावला. वाऱ्याचा इशारा आहे का, विचारलं. तिकडची बाई म्हणाली, आज वारा नाही, आणि विचारलं, तुम्हाला पुलाची भीती वाटते का, तशी असेल तर आमचा माणूस तुमची गाडी पलीकडे नेऊन देतो. मी म्हटलं, मी येत नाहीये. ती म्हणाली, मग काळजी कसली? मी फोन ठेवला.

डॉक्टरीणबाई, आज कशाचा राग आला ते लिहायला बसलोय. बेकरीचा नाही, झिगचा नाही, रँडलचा नाही. त्या गाडीचा तर मुळीच नाही. मी त्या दिवशी ट्रक पुढे घेतला. ज्या माणसाने तो पुढे घेतला त्याची मला किळस येते, आणि त्याच्याबरोबर या घरात मी एकटाच राहिलोय.

तीनच्या सुमारास ती पुलावर पोचली असेल असा अंदाज केला. मी स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीवर बसलो, टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ती पलीकडे जाईपर्यंत डोळे मिटून घेतले.